कवडूजींचा टोपीवाला आणि पत्र्याचा कूलर

रेकॉर्ड प्लेअर घ्यायचा, एवढंच कवडूजी रामटेके यांनी ठरवलं होतं. चौऱ्याहत्तरचा एप्रिल होता, नागपूर तापायला लागलं होतं. शामलाबाईंनी नवऱ्याचा बेत ऐकून घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "आना ना. पन मंग कूलर बी येईन." असा तह झाला आणि एकाच हातगाडीवरून दोन्ही वस्तू इंदोरा वस्तीतल्या दोन खोल्यांच्या घरात उतरल्या. बाहेरच्या खोलीत विजेचा पॉइंट एकच. त्याला लाकडी बोर्ड जोडून एका बाजूला कूलर आणि दुसऱ्या बाजूला प्लेअर अशी दोघांची सोयरीक लावून दिली.

कवडूजींना जॅझचं वेड कसं लागलं हे विचारू नका. रेल्वेच्या कचेरीत दिवसभर मालगाड्यांचे तक्ते भरणारा हा माणूस एकदा रेडिओवर क्रिकेट शोधत होता. मध्येच कुठल्या तरी परदेशी स्टेशनवर सॅक्सोफोन लागला आणि क्रिकेट राहिलं ते राहिलंच. पण पायाला कायमची भिंगरी. एक गाणं संपेपर्यंत बसतील तर शपथ! उठून घड्याळाला किल्ली देतील, खिडकीतून रस्ता बघतील, स्वयंपाकघरात जाऊन पातेल्याचं झाकण उचलतील आणि "वरणात मीठ टाकलं का वं?" असं विचारतील. (टाकलेलं असायचंच. लग्नानंतर एकदाच राहिलं होतं. ते त्यांनी बारा वर्षं पुरवलं.)

पत्र्याचा कूलर सुरू झाला की चढावर ट्रक लागल्यासारखा आवाज व्हायचा. दिवा पिवळा पडायचा. छताचा पंखा पेन्शन घ्यायला निघाल्यासारखा फिरायचा. त्याच बोर्डावरची तबकडीही अर्थातच मंदावायची. कवडूजींना दिवा दिसायचा, पंखा दिसायचा, तबकडी मात्र दिसायची नाही, कारण तोवर त्यांनी स्पीकरला कान लावून डोळे मिटलेले असत.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी नवा एलपी लावला. कव्हरवर टोपी घातलेला एक सॅक्सोफोनवाला होता. त्याचं नाव इतकं लांबलचक, की कवडूजींनी त्याचा सरळ 'टोपीवाला' करून टाकला. सॅक्सोफोन वाजू लागला आणि कवडूजी जागच्या जागी खिळले. असा जड, असा दमलेला, असा आतून तुटलेला सूर! दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांनी जाहीर केलं, "या मानसाच्या घरात मौत झाली असन. त्याशिवाय असं वाजवता येत नाही."

मग मतांचा कारखानाच सुरू झाला. ट्रम्पेट वाजवणारे सगळे उथळ, खोल फक्त टोपीवाला. दुसऱ्या एलपीवर एका गोऱ्या बाईचा फोटो होता, पण आतला आवाज घोगरा. कवडूजी जरीपटक्याला ताराचंदच्या दुकानात गेले, तबकडी त्यानंच विकली होती.

"ताराचंदजी, कंपनीनं फोटो चुकीचा छापला. हा बाईचा आवाज नाही. बाप्याचा आहे."

"कवडूजी, फोटो में तो बराबर बाई है."

"फोटोत आहे हो. गाऊन नाही राहिली!"

ताराचंदने हात जोडले. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, हा त्याचा नियम होता.

सदरच्या टॉकीजमध्ये एक इंग्रजी सिनेमा लागला, त्यात जॅझच्या क्लबातला प्रसंग होता. कवडूजी इंटरव्हललाच उठून मॅनेजरकडे गेले आणि तुमचं मशीन सिनेमा फास्ट पळवून राहिलं म्हणून सांगितलं. मॅनेजरने त्यांना पंख्याखाली बसवून पाणी पाजलं. (मे महिना होता. त्याला रोज दोन-तीन माणसं अशी यायची.) हिंदी सिनेमावर तर कवडूजींनी फुलीच मारली. त्यांच्या मते सगळ्या जगाला घाई झाली होती, आणि जॅझ कळलेले दोनच लोक शिल्लक होते. एक टोपीवाला. दुसऱ्याचं नाव ते विनयाने घेत नसत.

असा दीड महिना गेला, आणि वस्तीतल्या बुद्धविहाराच्या वाचनालयाचे सेक्रेटरी बाबाराव घरी आले.

वाचनालयात दर रविवारी व्याख्यान व्हायचं. आजवर तिथे वकील बोलले, प्रोफेसर बोलले, दिल्लीहून आलेले एक साहेब बोलले. कवडूजी आयुष्यभर तिसऱ्या रांगेत बसले. त्यांचे वडील गिरणीतली पाळी संपवून यायचे आणि याच वाचनालयात मागे उभे राहून ऐकायचे. बाबाराव म्हणाले, "या रविवारी वक्ता येऊन नाही राहिला. तुमी बोला ना त्या जॅझवर. रेकॉर्ड बी लावा." कवडूजींनी लगेच हो म्हटलं. त्या स्टेजवर रामटेक्यांपैकी पहिला माणूस चढणार होता. इज्जतीचा प्रश्न होता, आणि चार रात्री त्यांना धड झोप लागली नाही.

व्याख्यान सकाळी साडेआठला, ऊन चढायच्या आत. कवडूजींनी प्लेअर पोरासारखा मांडीवर घेऊन रिक्षातून आणला. दीडशे माणसं जमली होती. पहिल्या रांगेत ताराचंद, त्याच्या शेजारी गोविंदा मास्तर. हे मास्तर कामठीच्या छावणीत फौजी बँडमध्ये पंचवीस वर्षं सॅक्सोफोन वाजवून रिटायर झालेले, आणि आता लग्नाची बँड पार्टी चालवत होते. बायकांच्या बाजूला शामलाबाई.

कवडूजी छान बोलले. दुःखावर बोलले, मौतीवर बोलले. शेवटी म्हणाले, "आता ऐका. ज्याच्या डोळ्यात पानी येनार नाही, त्याले जॅझ समजला नाही." आणि सुई ठेवली.

सकाळची वेळ, वीज भरपूर, कूलर कुठेच नाही. टोपीवाला जो सुटला तो थेट वरातीत! टुणटुण, खळखळ, आनंदी आनंद. मागची दोन पोरं नाचायलाच लागली.

"थांबा, थांबा!" कवडूजी ओरडले. "रिक्षानं मशीन बिघडलं." त्यांनी सुई उचलली, परत ठेवली. टोपीवाला पुन्हा हसत सुटला. मग त्यांनी बोट तबकडीच्या कडेला हळूच टेकवलं. तबकडी मंदावली, सूर जडावला, टोपीवाला रडू लागला. "हे! हे खरं! हेच ते दुःख!"

गोविंदा मास्तर उठून उभे राहिले. "कवडूजी, रेकॉर्ड आधी बरोबरच वाजत होती. मी हेच गानं छावनीच्या मेसमंदी वाजवलं आहे. खुशीचं आहे. तुमी बोट लावून त्याले कायले रडवून राहिले जी?"

"मास्तर, मी दीड महिना रोज ऐकून राहिलो! माह्या घरी असंच वाजते!"

आणि मग बायकांच्या बाजूने आवाज आला.

"अवो, घरी कूलर राहते ना."

शामलाबाई उभ्या होत्या. "कूलर लावला का दिवा मंद होते, पंखा मंद होते. तबकडी बी होते. बोर्ड एकच आहे."

कवडूजींनी केविलवाण्या आवाजात विचारलं, "तुले माईत होतं? मंग सांगतलं काहून नाही?"

"काहून सांगू? आधी तुमी घरी आले का घरभर फिरत होते. झाकनं उचलत होते, मीठ विचारत होते. तबकडी हळू वाजली का दोन तास एका जाग्यावर बसता. म्हनून तुमच्या सायकलची घंटी वाजली का मी कूलर लावतो. ढगाळ असलं, गार असलं, तरी लावतो."

हॉल जो हसला तो पाच मिनिटं हसतच राहिला. ताराचंद रुमालाने डोळे पुसत होता. (म्हणजे एकाच्या तरी डोळ्यांत पाणी आलं.) कवडूजी मात्र स्टेजवरच्या खुर्चीत बसून राहिले. सगळे हसले ते त्यांना फारसं लागलं नाही. टोपीवाल्याच्या घरात कोणीच मेलं नव्हतं, याचं त्यांना खरोखर वाईट वाटत होतं.

संध्याकाळी बाबाराव घरी आले. कवडूजी सावरून बसले. समाज शेवटी गुण पारखतोच, असं त्यांना वाटलं.

"बहीनजी," बाबाराव शामलाबाईंना म्हणाले, "पुढच्या रविवारी तुमी बोला. घरातल्या विजेवर. लोकं आतापासून विचारून राहिले." शामलाबाईंनी आधी नको नको केलं आणि मग बरं म्हटलं.

बाबारावांच्या मागून गोविंदा मास्तर आत आले. त्यांचं काम खास कवडूजींकडेच होतं. "कवडूजी, तुमच्यासारखा मानूस माह्या पार्टीत पाहिजे. लग्नाचा सीझन आहे, एक जागा खाली झाली."

कवडूजींचा चेहरा उजळला. "सॅक्सोफोन?"

"नाही जी. खुळखुळा."

"मले वाजवता नाही येत, मास्तर."

"वाजवाचा कोनाले आहे? नुसता हालवाचा, आन वरातीसंगं फिरत राहाचं. तुमाले तं बसवतच नाही म्हनते वयनी. आधीच्या मानसाचा लाल कोट घेऊन आलो आहे, घालून पाहा."

कवडूजींनी ठाम नकार द्यायचं ठरवलं, फक्त त्याआधी एकदा कोट अंगात घालून बघितला. तो अगदी मापात बसला.