पाथर्डी फाट्यावरचं वरिष्ठ सभागृह

चहाच्या वेळेला आमच्या सोसायटीतल्या आहेरकाकांकडे गेलात, तर ते तुम्हाला टीव्हीसमोर उभे दिसतील. साधे उभे नाही, दोन्ही हात अंगाला चिकटवून अगदी सावधान. राष्ट्रगीत चालू असेल म्हणून तुम्हीही दारातच थबकाल. पण टीव्हीवर आयर्लंडच्या संसदेचं वरिष्ठ सभागृह चालू असतं आणि एक चष्मेवाल्या बाई कुठल्याशा रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलत असतात.

"बाई उभ्या आहेत ना," काका मान न वळवता सांगतात. "त्या उभ्या असताना आपण कसं बसायचं?"

बाई बसल्या की काकाही बसतात. मग स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज येतो, "बसली का ती? गाळू का चहा?"

मी या सोसायटीची सेक्रेटरी. निवड झाली त्या दिवशी मी भाचीच्या लग्नाला सायखेड्याला गेले होते, आणि जो गैरहजर तो सेक्रेटरी अशी आमच्याकडची पद्धत आहे. तेव्हापासून आहेरकाकांचा जाच मला अधिकृतपणे होतो.

काका मूळचे चांदवडकडचे. नोकरी सगळी ओझरला, विमानाच्या कारखान्यात, तपासणी खात्यात. विमानाच्या पंखावरचा पत्रा जोडणारा रिव्हेट नीट बसलाय की नाही हे बघायचं आणि मगच सही करायची, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन बराच काळ झाला, पण तपासणी काही सुटली नाही. मी नवीनच सेक्रेटरी झाले होते तेव्हा त्यांनी जिन्यात अडवून विचारलं, "लिफ्टची दुरुस्ती कशी झाली?" मी आपलं म्हणाले, "छान झाली."

"छान म्हणजे काय?" काका म्हणाले. "छान हे काय माप आहे? दार किती वेळात लागतं? थांबताना हिसका बसतो का? छान म्हणजे मॅडम, माणसाने बघितलेलंच नाही."

त्यानंतर त्यांच्यासमोर हा शब्द काढायची माझी हिंमत झाली नाही.

आता हा माणूस आयर्लंडच्या संसदेत कुठून शिरला? त्यांची मुलगी मनीषा तिकडे एका छोट्या गावातल्या हॉस्पिटलात नर्स आहे, एवढं आम्हाला ठाऊक होतं. लेक जिथे, तिथलं बापाला कौतुक, असं धरून आम्ही गप्प बसलो. मी एकदा म्हणाले, "काका, आपलीही विधान परिषद आहे की. ती बघा." त्यावर म्हणाले, "ते लोक मला रोज पेपरात भेटतात. बाई भेटत नाहीत."

बघून थांबले असते तरी माझं काही म्हणणं नव्हतं. पण तिथलं जे जे आवडलं ते त्यांनी आमच्या पार्किंगमधल्या मीटिंगला लागू केलं. तिकडे म्हणे कामकाजाच्या सुरुवातीला कुणीही सदस्य आपल्या गावाचा एखादा बारीकसा विषय मांडतो आणि सरकारकडून एका मंत्र्याला स्वतः येऊन, उभं राहून, त्याचं उत्तर द्यावं लागतं. झालं. पुढच्या मीटिंगला काका उभे राहिले, शर्ट खाली ओढला आणि म्हणाले, "गच्चीवरच्या टाकीचं झाकण वाऱ्याने उडतं, ही बाब मी सभागृहाच्या निदर्शनास आणतो. मंत्रीमहोदयांनी उत्तर द्यावं."

मंत्रीमहोदया म्हणजे मी. एका कुंडीला टेकून मी उत्तर दिलं. "बघते, प्लंबरला सांगते."

"'बघते' याची नोंद व्हावी," काका म्हणाले आणि बसले.

हे 'नोंद व्हावी' पुढे सोसायटीभर झालं. कचरा घेणारी मावशी उशिरा आली तर जिन्यातून कुणीतरी ओरडतं, नोंद व्हावी. पण खोटं कशाला बोलू, कामं व्हायला लागली. चारचौघांत उभं राहून उत्तर द्यायचं म्हटलं की आदल्या संध्याकाळी प्लंबरला फोन जातोच. फाट्यावरून आमच्या गेटपर्यंत येणाऱ्या गल्लीतला दिवा गेला होता, त्यासाठी तर काकांनी मला इतक्या वेळा उभं केलं, की शेवटी मी महापालिकेत जाऊन बसले आणि दिवा लागल्यावरच गप्प झाले. म्हणजे काका. मी कुठली गप्प बसते!

आणखी एक पद्धत त्यांनी आणली. त्या सभागृहात प्रेक्षकांच्या सज्जात कुणी पाहुणा येऊन बसला, तर बोलणारा आधी त्याचं नाव घेऊन स्वागत करतो. आमच्या पार्किंगला सज्जा कुठला! पण वर पहिल्या मजल्यावर शेवाळेआजी कुरडया वाळत घालत होत्या. काकांनी मान वर केली. "विषयाकडे वळण्यापूर्वी, सज्जात उपस्थित असलेल्या श्रीमती शेवाळे यांचं मी सभागृहाच्या वतीने स्वागत करतो."

आजींनी आधी मागे वळून बघितलं, आपल्याखेरीज कोणी नाही म्हटल्यावर पदर सावरला. तेव्हापासून दर मीटिंगला त्या इस्त्रीचं पातळ नेसून गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. सून सांगत होती, त्या दिवशी सकाळपासून त्या खुशीत असतात.

असं सगळं मजेत चाललेलं असताना थंडी पडायला लागली आणि आहेरकाकांचा टीव्ही बंद झाला. चहाच्या वेळेला त्यांच्या घरातून इंग्रजी भाषण ऐकू येईना. मीटिंगला आले, पण विषय मांडला नाही. मी मुद्दाम म्हणाले, "बागेतला नळ गळतोय, काका." ते म्हणाले, "गळू द्या." मला तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट घरी जाऊन मी मेथी भाजायला घेतली.

दुसऱ्या दिवशी मेथीचे लाडू घेऊन वर गेले. काका फिरायला गेले होते. काकूंनी डबा घेतला, ओट्यावर ठेवला आणि पदर डोळ्याला लावला.

"मनी यांच्याशी बोलत नाय," त्या म्हणाल्या. "माझ्याशी बोलती. यांनी फोन घेतला की ठेवून देती."

"का पण?"

"काय सांगू बाई तुला. पोरगी गेल्यापासून एकच. जेवली का? छान. ड्युटी कशी? छान. थंडी हाय का? छान. आता आयुष्यभर तपासणी केलेला माणूस हा. त्याला तेवढ्यावर झोप लागती व्हय? मग कुठून तरी ही बाई शोधून काढली. मनीच्या गावाकडची हाय ती. उठली की रडगाणं. रस्ता खराब, दवाखान्यात माणसं कमी, दिवे नाय. हे म्हणायचे, लेक सगळं गोड सांगती, बाई सगळं कडू सांगती, दोन्ही कालवून मी काय खरं ते धरतो."

मी खुर्चीवर बसले.

मग काकूंनी पुढचं सांगितलं. एके दिवशी बाई म्हणाल्या, हॉस्पिटलपासून जाणारी संध्याकाळची शेवटची बस बंद केलीय, आणि ड्युटी संपवून नर्स अंधाऱ्या रस्त्याने चालत घरी जातात. काकांनी चहा तसाच टाकून मनीषाला फोन लावला. ती म्हणाली, मैत्रीण गाडीनं सोडते. काकांनी विचारलं, कोण मैत्रीण, नाव सांग. नाव काही येईना.

"मग पोरगी लय चिडली," काकू म्हणाल्या. "म्हणली, पप्पा, तुम्हाला घोर नको म्हणून मी बोलत नाय, आन् तुम्ही पार्लमेंटातून माझ्या चौकशा करता? मी लहान हाय का? ठेवला फोन. तेव्हापासून यांनी टीव्हीला हात लावला नाय. म्हणले, मी ऐकलं काय आन् नाय ऐकलं काय, ती चालतच येणार. आन् आता मला सांगणार पण नाय. होतं तेवढं बी मी घालवलं."

खाली आले तेव्हा गल्लीतला दिवा लागला होता. क्लासहून येणाऱ्या दोघी मुली त्याच्या उजेडात गप्पा मारत थांबल्या होत्या. या दिव्यासाठी म्हाताऱ्याने मला छळ छळ छळलं होतं. तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कुठला रस्ता होता ते मला आत्ता कळलं, आणि फार वाईट वाटलं.

नंतर एका बुधवारी दुपारीच काकूंचा फोन. "लवकर ये गं. मनीचा मेसेज आलाय. चार वाजता पप्पांना टीव्ही लावून द्या म्हणती. हे लावीना आन् मला ते इंटरनेटचं जमत नाय."

मी गेले. मागोमाग शेवाळेआजी आल्या, त्यांना कोणी सांगितलं देव जाणे. काका पेपर तोंडासमोर धरून पाठमोरे बसले होते. मी सभागृह लावलं. बाई उभ्या राहिल्या. आणि पेपर बाजूला सारून काकाही उभे राहिले, सवयीनेच असेल.

बाई काय बोलतायत ते खाली अक्षरांत उमटत होतं. मी आजींसाठी मराठीत सांगत होते. "म्हणतायत, विषयाकडे वळण्यापूर्वी सज्जात बसलेल्या एका पाहुणीचं स्वागत करते. मनीषा आहेर. आमच्या हॉस्पिटलातली नर्स. ती माझ्या ऑफिसात आली आणि म्हणाली, माझे वडील भारतात नाशिकला राहतात. ते तुमचं प्रत्येक भाषण ऐकतात आणि आमच्या शेवटच्या बसची काळजी…" इथे मी खालची अक्षरं पुन्हा एकदा वाचून घेतली. "…काळजी त्यांच्याइतकी आपल्या गावात कुणी केली नाही."

काकूंनी तोंडावर हात ठेवला.

कॅमेरा बाईंवरच होता. सज्जा काही दाखवत नव्हते. काका दोन पावलं पुढे सरकले आणि टीव्हीच्या वर, भिंतीकडे बघायला लागले. सज्जा वरच असणार, असा त्यांचा हिशोब; तिथे भिंतीवर आमच्या दूधवाल्याने दिलेलं कॅलेंडर होतं. त्या कॅलेंडरकडे बघत त्यांनी हात वर केला. घाटातल्या वळणावर एस्टी दिसेनाशी होईपर्यंत आपण करतो ना, तसा.

मंत्र्यांनी उत्तर दिलं ते त्यांना ऐकूही आलं नाही. मलाच सांगावं लागलं, "काका, बस परत सुरू होतेय. नव्या वेळापत्रकात घालतायत."

"नोंद व्हावी," शेवाळेआजी म्हणाल्या.

थोड्या वेळाने फोन वाजला. काकूंनी घेतला, ऐकलं, आणि स्पीकर चालू करून काकांच्या हातात दिला.

"पप्पा," मनीषा म्हणाली. मागे गाड्यांचा आवाज येत होता. "अंधारातून चालताना मला खूप भीती वाटायची. हात थंडीने फुटलेत. हॉस्पिटलचं जेवण घशाखाली उतरत नाही. सांगितलं नव्हतं तुम्हाला. आता सांगत जाईन."

काका फक्त मान हलवत होते. फोनवर मान दिसत नाही हे त्यांना कोण सांगणार?

"पप्पा, ऐकताय ना? मी दिसले का टीव्हीवर? वरती कोपऱ्यात बसले होते, आईची हिरवी साडी नेसून."

न बघितलेल्या रिव्हेटवर उभ्या जन्मात सही न केलेला तो माणूस. त्यांनी एकदा कॅलेंडरकडे बघितलं.

"दिसलीस की."

"कशी दिसत होते?"

"छान," काका म्हणाले.