गोठ्यातला तपास

तात्या गोठ्याच्या दारात येणाऱ्या प्रत्येकाचे हात हुंगत. करमाडला त्यांच्या शेतावर गेलं की नमस्काराआधी पंजे पुढे करायचे. "वासाचा साबन," ते डोळे बारीक करून म्हणायचे, "शक हाय तुज्यावर. ऱ्हा बाहेरच."

तात्या म्हणजे आमचे गावाकडचे जुने शेजारी. सारी नोकरी कोर्टात बेलीफ म्हणून गेली, त्यामुळे घरी बसल्यावरही ते कुणाशी बोलत नसत, जबाब घेत. आणि खटला होता वासरांचा. त्यांची कपिली गाय दर वेताला धडधाकट वासरू द्यायची आणि आठवडा उलटायच्या आत ते हगवणीनं जायचं. का, ते कळेना. "तपास चालू हाय," एवढंच तात्या सांगत.

संशयित भरपूर होते. दुष्काळात टँकरचं पाणी आलं, ते पहिलं अडकलं. तात्यांनी टँकरवाल्यालाच आधी तांब्याभर प्यायला लावलं. मग जालना रोड रुंद करणारी यंत्रं. त्यांच्या धडधडीनं पोटातलं वासरू हबकतं म्हणून तात्यांनी कपिलीच्या कानात कापूस कोंबला. तिनं मान झटकून तो पाडला आणि खाल्ला. मग माझा गॉगल. मग त्यांच्या धाकट्या भावजयीची नजर. त्या बाईंनी वर्षभर गोठ्याकडे बघितलंच नाही, तरी वासरू गेलं, म्हणून त्या निर्दोष सुटल्या.

एरवी मात्र तात्या राजा माणूस. जमिनी विकून आम्ही शहरात कुणी उस्मानपुऱ्यात, कुणी शहागंजात घरं केली. जुन्या शेजाऱ्यांतले वस्तीवर तात्या एकटेच उरले. पण गाय व्याली की सगळ्यांना फोन यायचा, "चिकाचा खरवस केलाय, या." आम्ही जीप भरून जायचो.

अशाच एका पंगतीच्या वेळी जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. गोठ्यात वासरू आडवं पडलं होतं.

"याला चीक कधी पाजला?" बाईंनी विचारलं.

"वार पडल्यावर. त्याच्या आदी तोंड लावू देत नाय, आमच्यात रीतच हाय तशी. आन् वार पडली पार सांजच्याला."

"किती पाजला?"

"उरला तेवडा."

"आणि बाकीचा?"

तात्यांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही आपापल्या ताटलीकडे बघितलं.

बाईंनी समजावलं, वार म्हणजे वासरामागून पडणारी पिशवी, तिची वाट बघायची नसते; जन्मल्यावर तासा-दोन तासांत पोटभर चीक गेला तरच वासराच्या अंगात रोगाशी झुंजायचं बळ येतं. नंतर पाजून तेवढा उपयोग नाही.

"आरं तिच्या!" तात्या कडाडले. "म्हंजी समदे आरोपी पंगतीला बसलेत! आन् वाढनारा मी!"

आम्ही खो खो हसलो. माझ्या तोंडात वेलदोड्याच्या वासाचा भला मोठा घास होता; तो गिळवेना आणि थुंकवेना. तात्या हसले नाहीत. वासरू त्याच संध्याकाळी गेलं.

पुढच्या वेताला फोन आलाच नाही. कपिली व्याल्याचं मला उडत उडत कळलं आणि आठवडा उलटल्यावर मी एकटाच गेलो. गोठ्यात पांढरीशुभ्र कालवड शेपूट वर करून हुंदडत होती.

"पडल्या पडल्या पाजली," तात्या म्हणाले. "वार पडायची वाट बी नाय बगितली. पार पोट भरस्तोवर."

ओसरीवर लांबलचक सतरंजी अंथरलेली होती.

"कोण येणार आहे, तात्या?"

"कोन येतंय? खरवस नाय, मंग एवढ्या लांब कोन कशाला येईल? आंथरली आपली सवयीनं." मग कालवडीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "मला ठावं हुतं रं कुनी यायचं नाय. तरी पाजली."

मी सतरंजीच्या मधोमध मांडी घालून बसलो. तात्यांनी कोरा चहा दिला. दूध कालवडीचं होतं.

"समद्यांना सांग," ते म्हणाले, "कालवड जगली. खायाला काय नाय, पर बगायला या म्हनावं."

"सांगतो," मी म्हणालो.

तेवढ्यानंच ते खूश झाले. कालवड ढुशा देत प्यायला लागली, तसे तिच्याजवळ उकिडवे बसून तात्या आमची एकेकाची नावं तिला सांगू लागले, कोण कुठं राहतो आणि कोण कुणाचा कोण.