शवासनात उभा राहणारा माणूस

कळंबच्या मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, निवृत्त हमाल मल्लाप्पा यांचा अपमान झाला तो योग दिनाच्या सकाळी, सात वाजायला पाच मिनिटं कमी असताना, भर मैदानात. सगळ्यांदेखत असं म्हणवत नाही, कारण सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. शवासन चालू होतं.

शहरातून आणलेले प्रशिक्षक माइकवरून म्हणाले, "ते मागचे आजोबा! आडवे व्हा. फोटोत एकटेच उभे दिसताय." अप्पा हलले नाहीत. मग दोन स्वयंसेवकांनी त्यांना दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं. वर माइकवरून ऐकू आलं, "योगाची माहिती नसलेल्यांना आणू नका."

माहिती नाही? अप्पांना?

मी एरवी बसस्थानकाच्या मुतारीबद्दल पत्रकं काढतो. या वेळी माणसाबद्दल काढतोय, नीट वाचा.

अप्पा कुणाला रामराम करत नाहीत. भेटेल त्याला विचारतात, "श्वास कुठाय?" एसटीच्या कंडक्टरला विचारलं, तर तो म्हणाला, "मागं जागा हाय, सरका." शेजारचं वाशी किती लांब, असं विचारलं तर अप्पा सांगणार, "सावकाश घेतलं तर पाचशे श्वास. डायवर शिवराळ असला तर आठशे."

रोज सकाळी साडेपाचला मोंढ्यातल्या लिलावाच्या ओट्यावर त्यांचा वर्ग भरतो. पहिल्या दिवशी मी नवी चटई घेऊन गेलो.

"चटई ठिव. आधी आठ दिस खोटं बोलू नको."

"आणि आसनं?"

"ती तिसऱ्या पायरीला. आधी यम, मग नियम. उडी मारून कुठं चाललास?"

"अप्पा, मी पत्रकं काढतो. आठ दिवस कसं जमायचं?"

"मग सोळा दिस."

योग कुणी शोधला, हेही मी विचारलं. ते म्हणाले, "पयल्यांदा ज्यो माणूस गप बसून सोताचा श्वास बघाया लागला, त्यानं. सूत्रं लिहिणारा लई मागनं आला. पसरलेलं धान्य त्यानं पोत्यात भरलं अन् तोंड शिवलं, एवढंच." पायऱ्या आठ. आसनानंतर प्राणायाम, मग इंद्रियं आत वळवायची, मन एका जागी धरायचं, ध्यान, आणि शेवटी समाधी. "तिथवर आपली एसटी जात न्हाय. म्या चाळीस वर्सं चवथीवरच बसलोय."

चौथी म्हणजे प्राणायाम. अप्पांचा सगळा योग त्यातच: "आधी सोडा, मग घ्या." पोतं उचलताना श्वास कोंडायचा नाही, सोडायचा. मोंढ्यातल्या कुठल्याही हमालाला विचारा, तो उचलून दाखवील.

तर योग दिनाच्या दुपारी मी माफीच्या मागणीचं पत्रक घेऊन अप्पांच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"ह्यात पूर्णविरामच न्हाईत रं. श्वास कोंडलाय."

मी चिडलो. "पण अप्पा, तुम्ही आडवे का झाला नाहीत? दोन मिनिटांचा तर प्रश्न होता!"

त्यांनी चष्मा काढून त्याची घडी घातली.

"तुझ्या काकूला दमा हुता. एका सकाळी ती अशीच उताणी पडली, डोळं मिटलं. मला वाटलं, चला, आज निवांत झोप लागली. म्याबी जरा डोळा लावला." त्यांनी पत्रक माझ्याकडं सरकवलं. "तवापास्नं माणसं उताणी पडली की म्या उभा ऱ्हातो. एकेकाचं पोट वर येतंय का बघतो. समदी उठली की मग बसतो."

म्हणजे हा माणूस रोज आम्हा सगळ्यांना शवासन देतो आणि स्वतः त्या सकाळी काकू गेल्यापासून त्यात एकदाही आडवा झालेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "अप्पा, आज तुम्ही पडा, मी बघतो." ते हसले. "तू? तुझं ध्यान पत्रकात."

आयोजकांनी माफी मागावी, ही मागणी मी खोडलेली नाही. पण दुसरी मागणी तुमच्याकडं आहे. उद्या साडेपाचला मोंढ्यात या. शेवटी शवासन होईल, तेव्हा आडवे होऊ नका. माझ्याशेजारी उभे राहा आणि मोठ्यानं म्हणा, "अप्पा, पडा आता. आम्ही जागे आहोत."