मेश्रामकाकांची भांडायची रीत

मेश्रामकाकांशी भांडून दाखवा, आमच्या अख्ख्या श्रूजबरी गावाला मी जेवण घालीन! मला आजवर जमलेलं नाही, आणि मी वकिलाची मुलगी आहे.

काका आमचे शेजारी. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या स्नोब्लोअरनं सगळा बर्फ आमच्या ड्राइव्हवेवर उडवला. मी तणतणत गेले. काकांनी हात वर केला. "थांब नं जरा. आधी तुझं म्हणणं मी सांगतो. चुकलो तर टोक." आणि माझी बाजू त्यांनी माझ्या दुखऱ्या गुडघ्यासकट अशी मांडली, की मला माझीच दया आली. भांडायला राग उरला कुठे? चहा पिऊन परत आले.

मराठी मंडळाच्या मीटिंगमध्येही तेच. काका पॉटलकच्या, म्हणजे घरोघरून एकेक पदार्थ आणायच्या, बाजूचे. पण आधी त्यांनी केटरिंगवाल्यांचं म्हणणं इतकं झकास मांडलं, की केटरिंगच पास झालं. टाळ्या वाजवण्यात काका पुढे!

ही रीत त्यांनी उचलली चारशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्लिश पाद्र्याकडून. नाव सांगत नाही, तुम्ही लगेच फोनवर शोधाल. लंडनच्या चर्चमध्ये हा सकाळी प्रवचन द्यायचा आणि त्याचाच सहकारी दुपारी तिथूनच ते खोडून काढायचा. दुसरा असता तर हातघाईवर आला असता. हा खेड्यात जाऊन राहिला आणि जाडजूड ग्रंथ लिहिला: आधी विरोधकाचं म्हणणं, त्याच्याच शब्दांत, मग आपलं उत्तर. रिटायर झाल्यापासून काका त्याच्यावर पुस्तक लिहितायत.

"काका, तुम्ही बुद्धवंदना करणारे. तुम्हाला हा पाद्री काहून पाहिजे?" मी त्यांच्याच नागपुरीत चिडवलं.

"देवाचं त्याचं त्याच्यापाशी. त्याची रीत शिकून मला निखिलशी बोलायचं आहे."

निखिल त्यांचा मुलगा, दूर फ्रिस्को शहरात असतो. तीन वर्षांपूर्वी काकूंना कॅन्सर झाला. शेवटी त्यांना नागपूरला बहिणींकडे जायचं होतं. निखिलनं तिकिटं काढली आणि काकांनी ती कॅन्सल केली, आणखी एक ट्रीटमेंट करून बघायची म्हणून. काकू इथेच हॉस्पिटलमध्ये वारल्या. त्या दिवसापासून निखिल बापाशी बोललेला नाही.

परवा रविवारी दुपारी काकांनी मला बोलावलं. समोर वही होती, कित्येक दिवस लिहीत बसायचे तीच. "निखिलची बाजू लिहिली आहे. तू साक्षीला बस. मी त्याचं कमी करून सांगायला लागलो तर टोक." फोन स्पीकरवर टाकला. मला वाटलं, कसला उचलतोय! पण उचलला.

"निखिल, काही बोलू नको. फक्त ऐक." काका वाचायला लागले. "तू तिकिटं काढली. आईनं बॅग भरली. आता उपयोग नाही, हे डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. ते मी आईलाही सांगितलं नाही, तुलाही नाही; तुला ते नंतर दुसऱ्यांकडून कळलं. तिनं शेवटचं काही मागितलं आणि मी ते मोडलं." त्यांनी वहीतून मान वर केली. "चुकलं का काही?"

मला टोकायला जागाच नव्हती.

"नो. दॅट्स इट," पलीकडून आवाज आला. मग तो म्हणाला, "आणि तुमची बाजू?"

काकांनी पान उलटलं. पुढचं पान कोरं होतं. इतके दिवस हा माणूस फक्त मुलाचीच बाजू लिहीत होता!

"माझ्यापाशी उत्तर नाही रे. मला भीती वाटत होती. ती गेली की या घरात मी एकटा. तिच्यासाठी नव्हतंच ते. माझ्यासाठी होतं."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला.

"मला पण तीच भीती होती, बाबा," निखिल म्हणाला. "तुम्ही एकटे पडाल याची. आणि मग मीच तुम्हाला एकटं टाकलं."

काकांनी फोन दोन्ही हातांत धरला. मी कोट उचलला आणि न सांगताच बाहेर पडले.