ठासणीची बंदूक आणि डॉक्टर शरदचंद्र

रिटायर झाल्यावर माणसाने छंद असा धरावा की तो जन्मभर पुरला पाहिजे! मी ठासणीची बंदूक धरली. शिवाय चकमकीने विस्तव पेटवणं, रानात राहणं, सगळं जुन्या पद्धतीने. इकडे परदेशात, विंडसरच्या मराठी मंडळींत हे करणारा मी एकटाच!

परवा शनिवारी शरदचंद्रने घरी फोन केला. हा माझा जुना दोस्त, रिटायर्ड डॉक्टर. फोन प्रभाने, म्हणजे आमच्या सौ.ने घेतला.

"वहिनी, जनार्दन कुठाय?"

"काउंटी रोडवरच्या क्लबात. दारूचा नाद लागलाय ना! आता कसला सुटतोय?"

एवढ्यात दूध उतू गेलं आणि तिने फोन ठेवला. बंदुकीची दारू, हे सांगायचं राहूनच गेलं!

थोड्याच वेळात शरदचंद्र क्लबात हजर. हातात थर्मासभर लिंबूपाणी. मी झाडामागे ओणवा होऊन वाळक्या गवतातली ठिणगी फुंकत होतो. डोळे धुराने लाल, मिशी काजळलेली.

"जनार्दन," तो हळूच म्हणाला, "सकाळपासून किती झाली?"

"तीनदा भरली. आज जरा कमीच."

"भरतोस कशातून?"

मी कमरेला लटकवलेलं शिंग पुढे केलं.

"शिंगातून!" तो मटकन खाली बसला. "वहिनींना चालतं हे?"

"घरात ठेवू देत नाही रे. म्हणते, एक ठिणगी पडली तर घर उडेल!"

"इतकी स्ट्राँग?"

त्याने माझी नाडी धरली. "आजपासून बंद. मी रोज येऊन बसेन तुझ्याजवळ. असा जाऊ नाही देणार तुला!" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"अरे वेड्या, बंदुकीची दारू! चल, दाखवतोच तुला."

गॉर्डन, जनार्दनचं 'जान' करून टाकणारा आमचा ऐंशी वर्षांचा उस्ताद, रेंजवर उभाच होता. आता मित्रासमोर इज्जतीचा सवाल! बोलत बोलत मी नळीत दारू ओतली, गोळी घातली, लांब लाकडी गजाने ठासली, नेम धरला आणि चाप ओढला.

धडाम!

धूर विरला. टार्गेट जसंच्या तसं. वरच्या फांदीत मात्र काहीतरी भाल्यासारखं थरथरत होतं.

"जान," गॉर्डन शांतपणे म्हणाला, "यू फरगॉट टू टेक द रॉड आउट."

शरदचंद्रने टार्गेटकडे पाहिलं, फांदीकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

"वाईट वाटून घेऊ नकोस," तो म्हणाला, "पण तू पीत असतास ना, तर त्यावर इलाज होता रे!"