झडपांचं दर्शन

गाडीतलं मला सगळं कळतं! शिकले कुठंच नाही. मिक्सर उघडून शिकले, पाण्याची मोटर जाळून शिकले आणि उरलेलं मोबाईलवरच्या व्हिडिओंनी शिकवलं. त्यामुळे आमच्या जुन्या गाडीत इंजिनचा पिवळा दिवा लागला तेव्हा घर घाबरलं, मी मात्र हरखले. बिघाडाचा कोड वाचायचं यंत्र मागवून कधीचं कपाटात ठेवलं होतं आणि मेली गाडी बिघडायलाच तयार नव्हती!

वेळ मात्र चुकीची होती. रविवारी सासूबाईंना अजिंठ्याला न्यायचं होतं. सगळा जन्म औरंगपुऱ्यात गेला, साता समुद्रापलीकडचे लोक येऊन लेणी बघून गेले, ह्यांनी नाही पाहिली. दर वेळी कुणाची तरी मुंज नाहीतर बाळंतपण आडवं यायचं. आता मंगळवारी गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी दाखल व्हायचं होतं.

"नंतर हे गुडघे माझं ऐकतील की डॉक्टरचं, कुणास ठाऊक," त्या म्हणाल्या. "जे दाखवायचं ते आधी दाखव."

आणि शनिवारी गाडी उड्डाणपुलाच्या चढावर दम्याच्या पेशंटसारखी धापा टाकायला लागली! मागून रिक्षावाला ओरडला, "ओ बाजी, ओ ताई, ढकलू का?"

घरी येऊन यंत्र स्टिअरिंगखाली खोचलं. मोबाईलवर उमटलं, पी दोन शून्य शून्य चार.

"अहो, इनटेकच्या झडपा उघड्याच अडकल्यात!"

अनंतराव, म्हणजे आमचे हे, पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "मग बंद कर. वाऱ्यानं आपटतील."

गॅरेजवाल्यानं फोनवर बुधवार दिला. बुधवारी सासूबाई पलंगावर असणार! मी पाने काढले.

रविवारी सकाळी इंजिनावरचा तो काळा, चार नळ्यांचा डबा सोडवून अंगणात आणला. हवा ह्यातून इंजिनात जाते. आत बॅटरी मारली आणि मी बघतच राहिले. चार नळ्यांत चार पातळ पाकळ्या, एकाच दांडीत ओवलेल्या. गाडी सावकाश असली की मिटायच्या, हवेला गिरकी द्यायच्या. वेग आला की उघडायच्या. रोज बाजारात जाताना माझ्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर हे चाललेलं, आणि मला पत्ता नाही! हवेनं कसं वळावं, ह्याचासुद्धा कुणीतरी बसून विचार केला होता.

"आई, इकडे या!"

सासूबाई काठी टेकत आल्या, वाकल्या आणि त्यांनी चक्क हात जोडले. "अगं, गाडी श्वास घेते?"

"घेते. पण घशात काहीतरी अडकलंय."

पाकळीच्या कडेला काळपट हिरवं काहीतरी चिकटलं होतं. मी म्हटलं, शेवाळ! मग आठवलं, ह्या दुष्काळात शेवाळ विहिरीतसुद्धा उरलेलं नाही. चिमट्यानं ओढलं. आलं. आणखी ओढलं. आणखी आलं! जादूगाराच्या नळीतून रुमाल निघावा तसं वीतभर कापड बाहेर आलं, आणि शेवटी चमकला जरीचा काठ.

"अगोबाई, माझं लुगडं!" सासूबाई म्हणाल्या.

अनंतराव पेपरासकट आत निघाले.

"थांबा!"

"मी फक्त खोचलं गं," ते दारातूनच म्हणाले. "फाडलं आईनं."

"मग काय करू?" सासूबाई म्हणाल्या. "रस्ते रुंद करायला अर्धं शहर खणून ठेवलंय, नुसती धूळ. टँकरच्या नळाला फडकं, खिडकीला फडकं, आणि गाडीचं नाक तेवढं उघडं? हा म्हणाला, फिल्टर कागदाचा आहे. म्हटलं, एवढ्या लांब जायचं, कागद कसा टिकेल?"

हे फडकं फिल्टरच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला, म्हणजे घशातच! पण सगळ्यात मऊ लुगडं फाडलं होतं त्यांनी.

काजळी सोडवायला डबा घंगाळात डिझेलमध्ये बुडवला, आणि तेवढ्यात गल्लीत आरोळी उठली, "पाणी आलं!" आठवड्यानं आलेलं पाणी आणि घरातलं सगळ्यात मोठं भांडं गाडीनं अडवलेलं! अनंतराव घंगाळ उपडं करायला धावले.

"हात लावू नकोस!" सासूबाई कडाडल्या. "तिला आधी न्हाऊ दे!"

आम्ही कुकर, डबे, फुलदाण्या, जे हाताला लागेल ते भरलं. ह्या गोंधळात डबा परत बसेपर्यंत दिवस मावळला. निघालो सोमवारी.

गाडी काय पळाली! पिवळा दिवा नाही, धाप नाही. घाट उतरून फर्दापूरला, लेण्यांच्या फाटकाशी आलो. सासूबाईंनी पदर सारखा केला. पहारेकरी खिडकीशी वाकला.

"ताई, आज सोमवार हाय ना. लेण्या बंद राहत्यात."

मला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं! इंजिनाच्या झडपा पाठ, आणि अजिंठ्याचा बंद वार माहीत नाही! मागच्या सीटकडे बघायची माझी छाती होईना.

मग मागून आवाज आला, "बॉनेट उघड."

"आई?"

"उघड गं. एवढ्या लांब आलोय, काहीतरी बघूनच जाऊ. अनंता, तू रेस दे."

अनंतरावांनी माझ्या जागी बसून अ‍ॅक्सिलरेटर दाबला. डब्याच्या कडेची ती दांडी टचकन फिरली. सोडला, परत आली.

"बघा, बघा!" सासूबाई काठीनं दाखवत पहारेकऱ्याला सांगत होत्या. "आत चार पाकळ्या आहेत. दिसत नाहीत, पण मी पाहिल्यात!"

पहारेकऱ्यानं टोपी काढली. चहावाला आला, माळा विकणाऱ्या बाया आल्या. आमच्यासारखंच वार चुकून आलेलं एक जोडपं मागं टाचा उंचावून उभं होतं. त्यातल्या बाईंनी अगदी हळू आवाजात मला विचारलं, "कुठल्या शतकातलं आहे हो?"

"दोन हजार अकरा," मी म्हटलं.