लाल टोपीवाला आणि मुरमुऱ्याची ताटली

यवतमाळात गुन्हे फारसे होत नाहीत, आणि जे होतात ते माझ्या धाकाने आमच्या कॉलनीच्या बाहेर होतात, असं मधुसूदनराव स्वतःबद्दल सांगत. गेटवर त्यांनी पाटीच लावली होती: 'मधुसूदनराव, खाजगी गुप्तहेर. नजर घारीची, स्मरण हत्तीचं, पाऊल मांजराचं.' एका माणसात इतकी जनावरं बघून गल्लीतली कुत्रीसुद्धा त्या गेटाशी थांबत नसत. सरकारी कचेरीत चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळून निवृत्त झाल्यावर त्यांनी हा उद्योग मांडला होता. आतापर्यंत तीन प्रकरणं तडीस गेली होती, आणि तिन्हींत त्यांचाच चष्मा त्यांच्याच कपाळावर सापडला होता.

त्यांचे सहायक म्हणजे शेजारचे धावजी. मूळचे बोरी अरबकडच्या तांड्यातले, एसटीचे निवृत्त कंडक्टर. घरी बसून करमत नव्हतं, म्हणून ते गुप्तहेराची डायरी सांभाळत.

बुधवारी सकाळी मधुसूदनरावांनी धावजींना बोलावून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"धावजी, या घरातलं रात्रीचं जेवण नाहीसं झालंय."

"चोरी गेलं काय?"

"तेच तर शोधायचं आहे. सोमवारी संध्याकाळी समोर ताटली आली. मुरमुरे, शेंगदाणे, काकडीच्या चकत्या, अर्धा पेरू. मला वाटलं, जेवणाआधीचं आहे. वाट बघत बसलो. साडेनऊला हिने दिवा मालवला. काल मंगळवारी फुटाणे, गाजर आणि दोन शंकरपाळे."

"वैनीले विचारलं काय?"

"विचारलं. म्हणाली, 'सोमवारीच सांगितलं तुम्हाला.' फार गूढ वाक्य आहे हे. लिहून घ्या."

धावजींनी लिहून घेतलं. मग म्हणाले, "साहेब, सैपाकघरात जाऊन पाहू ना एकदा."

"छे! घटनास्थळी पाय ठेवला की पुरावे बिघडतात. मी स्वतः तिथे लग्नापासून गेलेलो नाही."

प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, कारण रविवारी व्याही-विहीण उमरखेडहून येणार होते. गौरीच्या लग्नानंतर त्यांचं या घरातलं हे पहिलंच जेवण. व्याह्यांपुढे मुरमुरे ठेवले, तर लेकीला सासरी जन्मभर मुरमुरे ऐकावे लागले असते. या एका विचाराने मधुसूदनरावांची झोप उडाली होती, आणि धावजींना त्यांची खरोखर कीव आली.

पहिला सिद्धांत बुधवारी दुपारी निघाला. पत्नी सुनीतीबाई मोबाइलवर बघून वजन उतरवत असाव्यात. धावजींनी नम्रपणे सांगितलं की वैनी आधीच काडीसारख्या आहेत. सिद्धांत मागे घेतला गेला.

गुरुवारी दोघांनी जास्वंदीच्या आडून पाळत ठेवली. दहाच्या सुमारास सुनीतीबाई झाकलेला डबा घेऊन समोरच्या वर्षाताईंकडे गेल्या आणि पाऊण तासाने परतल्या.

"जाताना डबा जड, येताना हलका," मधुसूदनराव पुटपुटले. "आपली कणीक बाहेर जातेय, धावजी. वर्षाताई खंडणी वसूल करतायत."

"पण साहेब, दुपारी तुमच्या ताटात पोळ्या असतात ना?"

"असतात. म्हणूनच तर संशय येत नाही कुणाला."

याच आठवड्यात मधुसूदनरावांनी आणखी एक पराक्रम केला होता, आणि तपास कंटाळवाणा झाला की ते तोच सांगत. मंगळवारी, आणि पुन्हा बुधवारी, लाल टोपीतला एक इसम गेटवर आला. खांद्यावर दुमडलेलं पोतं. आल्या आल्या म्हणाला, 'काका, ओटीपी सांगा.'

"भरदिवसा! माझ्या दारात, तोंडावर ओटीपी मागतो! पोतं कशाला, तर लुटीचा माल भरायला. हाकलला. फोटो काढला. कॉलनीच्या ग्रुपवर टाकला: सावधान, सायबर चोर, दार उघडू नका."

परिणाम झाला. त्यानंतर लाल टोपीवाला कॉलनीत कुणाच्याही दारी फिरकला नाही.

शनिवारी प्रकरणाने भलतंच वळण घेतलं. वर्षाताईंच्या घरीही रात्री ताटलीच आली. पलीकडच्या घरात भेळ. शनिवारी सुनीतीबाईंचा डबा कुठेच गेला नाही आणि दुपारीसुद्धा मुरमुरे आले. "टोळी पसरतेय," मधुसूदनराव म्हणाले. "उद्या व्याही आले तर मी काय तोंड दाखवू, धावजी?"

रविवारी चार वाजता भांडीवाल्या नंदाबाई आल्या. मधुसूदनरावांनी त्यांना अंगणातच थांबवून जबानी घेतली.

"आठवडाभरात स्वयंपाकघरात काही संशयास्पद दिसलं?"

"कायचं संशयास्पद? सिलिंडर संपलं सोमवारी, आन् काय! भगुनं नाही, कढई नाही, मी त आठ दिवस ताटल्याच घासून राह्यली. वैनी सकाळी वर्षाताईच्या गॅसवर पोळ्या टाकून आणे. दुसऱ्याच्या घरी दोन-दोन डाव कोण जाईन? म्हणून संध्याकाळी मुरमुरे. आता वर्षाताईचंबी संपलं. तो सुनील सिलिंडरवाला येतच नाही ना इकडे."

"का येत नाही?" धावजींनी विचारलं.

"काहून येईन? कोणीतरी त्याचा फोटो काढून चोर म्हणून फिरवला म्हणते. लाल टोपी घालते बिचारा."

धावजींनी डायरी उघडून सोमवारचं पान काढलं. तपास सुरू होण्याआधीचं, साहेबांच्याच अक्षरात होतं: 'सकाळी दहा. सौ. नंबर लावल्याबद्दल आणि माझ्या मोबाइलबद्दल काहीतरी म्हणाल्या. हो म्हटलं.'

धावजींनी सुनीलला फोन लावला. "नाही येत, काका," तो म्हणाला. "आज सुट्टी आहे. आन् उद्या येईन त एका अटीवर. त्या काकाले म्हणा, टोपीसकट नवा फोटो टाका. खाली लिहा, हा चोर नाही."

व्याही-विहीण साडेसहाला पोचले. सुनीतीबाईंनी घरातलं होतं नव्हतं ते मोठ्या परातीत मांडलं: मुरमुरे, फुटाणे, खारे शेंगदाणे, काकडी, पेरूच्या फोडी, दही, लिंबाचं लोणचं आणि दिवाळीचा उरलासुरला चिवडा. मधुसूदनरावांनी मान खाली घालून सगळा गुन्हा कबूल केला. व्याही एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

विहीणबाईंनी मात्र सुनीतीबाईंचा हात धरला. "तुम्ही बसा ना आमच्यासोबत. आज वाढायला आहे काय?"

वाढायला खरंच काही नव्हतं. सुनीतीबाई बसल्या. परातीतून शेंगदाणे वेचत दोघी दीड तास बोलल्या, आणि विहीणबाईंना मिरचीचं लोणचं आवडतं हेही कळलं. धावजी या घरी बारा वर्षं येत होते. वैनींना पाहुण्यांबरोबर बसून खाताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं, आणि त्यांना बरं वाटलं.

सोमवारी सुनील आला. मधुसूदनराव गेटवर ताठ उभे राहिले आणि मोबाइलवर आलेल्या ओटीपीचे चारही आकडे त्यांनी साऱ्या गल्लीला ऐकू जातील असे सांगितले. सिलिंडर आत गेलं. वर्षाताईंचंही आलं. मधुसूदनराव गरम पोळीच्या ओढीने सात वाजताच हात धुऊन बसले; प्रकरण बंद झाल्याची नोंद करायला धावजीही डायरी घेऊन आले होते.

ताटली आली. मुरमुरे होते.

"अगं, सिलिंडर आलं ना?"

"आलं. सकाळी सगळं करीन, वरण-भातासकट. संध्याकाळी मात्र आता हेच. चौतीस वर्षं मी तुमच्यानंतर जेवली, मधुसूदनराव. ह्या आठ दिवसांत रोज तुमच्यासोबत बसली. मला आवडलं ते."

नवऱ्याला त्यांनी नावाने हाक मारलेली धावजींनी कधी ऐकली नव्हती. त्यांनी डायरी मिटली.

मधुसूदनरावांनी ताटलीतल्या काकडीच्या चकत्या मोजल्या. मग म्हणाले, "काकडी कमी वाटतेय. मी चिरून आणतो." ते उठले, आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडला. थोड्या वेळाने आतून आवाज आला.

"सुनीती, विळी कुठे असते?"

सुनीतीबाईंनी एक शेंगदाणा तोंडात टाकला.

"शोधा."